टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद कुठून वाढते

पिस्टन खाली सरकला की सिलिंडरमधला दाब बाहेरच्यापेक्षा कमी होतो, इनटेक व्हॉल्व्ह उघडा असतो आणि बाहेरची हवा आपल्याच दाबाने आत घुसते. समुद्रसपाटीला हा दाब दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलो. टर्बो किंवा सुपरचार्जर नसलेल्या इंजिनाला, म्हणजे गॅरेजमध्ये ज्याला ‘एनए’ म्हणतात त्याला, हवा भरून देणारं दुसरं काहीही नसतं. मुंबईहून घाट चढून गाडी पुण्यात आली की ५६० मीटरच्या उंचीमुळे हवेचा दाब सहा टक्क्यांनी उतरलेला असतो. महाबळेश्वरला तो पंधरा टक्क्यांनी उतरतो. इंजिन तेच, पेट्रोल तेच, तरी ताकद कमी मिळते. एनए इंजिन ट्यून करणं म्हणजे हा एक किलोचा दाब जितका वापरता येईल तितका वापरून घेणं.

उदाहरणाला आपल्या ओळखीचं एक इंजिन घेऊ. मे २००५ मध्ये मारुती स्विफ्ट बाजारात आली ती सुझुकीच्या १.३ लिटर ‘जी’ मालिकेतलं इंजिन घेऊन. बोअर ७४ मिलिमीटर, स्ट्रोक ७५.५ मिलिमीटर, चार सिलिंडर मिळून १२९८ सीसी, सोळा व्हॉल्व्ह आणि एक कॅमशाफ्ट. याच घराण्यातलं इंजिन एस्टीममध्ये होतं, जिप्सीतही होतं. कोइम्बतूरच्या ट्रॅकवर धावणाऱ्या एलजीबी फॉर्म्युला फोर गाड्यांमध्येही १.३ लिटर स्विफ्टचंच इंजिन बसवतात. साधं, मजबूत आणि पार्ट सहज मिळणारं, म्हणून शिकायला उत्तम.

कंपनीचे आकडे असे: ६००० आरपीएमला ८७ बीएचपी आणि ४५०० आरपीएमला ११३ न्यूटन-मीटर टॉर्क. या दोन आकड्यांमध्येच सगळा धडा दडलेला आहे, म्हणून इथे जरा थांबू. टॉर्कला आरपीएमने गुणून ९५४९ ने भागलं की किलोवॅट मिळतात, आणि किलोवॅटला १.३४ ने गुणलं की बीएचपी. उलटा हिशेब केला तर ६००० आरपीएमला या इंजिनाचा टॉर्क १०३ न्यूटन-मीटर निघतो. म्हणजे ४५०० पासून ६००० पर्यंत जाताना दहा न्यूटन-मीटर गळाले. पेट्रोल तेवढंच चांगलं, ठिणगीही तीच. फेरे वाढले तसा प्रत्येक वेळी सिलिंडर भरायला मिळणारा वेळ कमी झाला, आणि सिलिंडर पूर्वीइतका भरेनासा झाला.

आता समजा, टॉर्कचा सर्वोच्च आकडा आपण जराही वाढवला नाही, फक्त ते ११३ न्यूटन-मीटर ६००० पर्यंत टिकवले. हिशेब करा: ९५ बीएचपी. ७२०० आरपीएमला १०८ न्यूटन-मीटर मिळवता आले तर १०९ बीएचपी. टॉर्कचा आलेख फारसा उंच करता येत नाही, पण त्याचा उतार उजवीकडे ढकलता येतो. एनए ट्यूनिंगमधली जवळजवळ सगळी कमाई या ढकलण्यातून येते.

आलेख उंच का करता येत नाही, तेही पाहू. स्विफ्टचा टॉर्क लिटरमागे ८७ न्यूटन-मीटर पडतो. होंडाने १९९९ मध्ये एस२००० गाडीत दिलेलं दोन लिटरचं एफ२०सी इंजिन हे एनए इंजिनांमधलं एक शिखर मानलं जातं. जपानी रूपात त्याची ताकद ८३०० आरपीएमला २५० पीएस, आणि टॉर्क २१८ न्यूटन-मीटर, म्हणजे लिटरमागे १०९. फेरारी ४५८ इटालियाचं साडेचार लिटरचं व्ही८ ९००० आरपीएमला ५७० पीएस देतं आणि टॉर्क ५४० न्यूटन-मीटर, लिटरमागे १२०. जगातले उत्तम इंजिनिअर आणि हवा तेवढा पैसा लावूनही मारुतीच्या घरगुती इंजिनापेक्षा लिटरमागचा टॉर्क पंचवीस ते अडतीस टक्केच वाढला. बाकी सगळी ताकद फेऱ्यांतून आली. याउलट २०१७ च्या बलेनो आरएसमधलं टर्बोवालं ९९८ सीसीचं इंजिन १५० न्यूटन-मीटर देत होतं, कारण तिथे हवा दाबून भरली जाते. एनए इंजिनाच्या मालकाला कोणी ‘वीस हजारांत टॉर्क दीडपट करून देतो’ म्हणालं, तर वरचे आकडे आठवावेत.

कामाला लागण्याआधी इंजिन निरोगी आहे का ते तपासायला हवं, आणि नेमकी ही पायरी लोक सर्वाधिक वेळा गाळतात. चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजा. आकडा किती आला यापेक्षा चारही आकडे एकमेकांच्या दहा टक्क्यांच्या आत आहेत का, ते महत्त्वाचं. एखादं सिलिंडर मागे असेल तर प्लगच्या भोकातून थोडं इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजा: आकडा वाढला तर रिंग-पिस्टन झिजलेत, तेवढाच राहिला तर व्हॉल्व्ह नीट बसत नाहीत किंवा हेड गॅस्केटमधून गळती आहे. टॅपेट सेट करा, टायमिंग बेल्टची खूण जुळते का पाहा, प्लग नवे टाका.

मग एक अगदी साधी तपासणी. केबलवाला थ्रॉटल असलेल्या गाडीत एकाने ॲक्सिलरेटर पूर्ण दाबायचा आणि दुसऱ्याने बॉनेट उघडून थ्रॉटलची पाकळी खरोखर पूर्ण उघडते का ते पाहायचं. केबल ढिली पडल्यामुळे वर्षानुवर्षं पूर्ण न उघडणारे थ्रॉटल किती तरी गाड्यांत सापडतात.

दुसरी मोजणी याहून उपयोगी आहे. इनटेक मॅनिफोल्डमधला दाब स्कॅनरवर दिसत असेल तर मोकळ्या, सुरक्षित ठिकाणी किंवा डायनोवर, म्हणजे ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, पूर्ण थ्रॉटलला, वरच्या आरपीएमला तो वाचा. पुण्यात बाहेरच्या हवेचा दाब ९५ किलोपास्कलच्या आसपास असतो. मॅनिफोल्डमध्ये ९३ दिसत असेल तर फिल्टरपासून थ्रॉटलपर्यंतची वाट मोकळी आहे, तिथे पैसे घालून फारसं काही हाती लागणार नाही. ८८ दिसत असेल तर सात टक्के हवा वाटेतच अडते आहे, आणि अडथळा फिल्टरमध्ये, पाइपात किंवा थ्रॉटल बॉडीत आहे. महागडा फिल्टर घ्यायचा की नाही याचं उत्तर जाहिरातीपेक्षा हा आकडा चांगलं देतो.

हवेच्या वाटेबद्दल बोलताना तापमान विसरून चालत नाही. हवेची घनता केल्विनमधल्या तापमानाच्या व्यस्त प्रमाणात असते. ३५ अंशांची हवा आणि बॉनेटखाली तापून ६० अंशांवर गेलेली हवा यांच्या घनतेत आठ टक्क्यांचा फरक पडतो. म्हणून कंपनीचा डबा काढून त्या जागी उघडा शंकूच्या आकाराचा फिल्टर लावला की आवाज भारदस्त येतो, पण मे महिन्याच्या ट्रॅफिकमध्ये तो फिल्टर रेडिएटरमागची गरम हवा आत घेत बसतो. कंपनीचा एअरबॉक्स बहुतेक वेळा समोरून, बाहेरची हवा घेण्यासाठीच बनवलेला असतो. तो तसाच ठेवून आतला फिल्टर बदलणं आणि बाहेरच्या नळीचं तोंड थंड जागी आहे याची खात्री करणं, हे मला जास्त शहाणपणाचं वाटतं. बंपरच्या तळाशी तोंड नेणाऱ्या लांब नळ्या परदेशी किटमध्ये मिळतात. जुलैमध्ये मुंबईच्या साचलेल्या पाण्यात असं तोंड बुडालं तर पाणी सरळ सिलिंडरमध्ये जातं. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे कनेक्टिंग रॉड वाकतो आणि पुढचं सगळं काम इंजिन बदलण्याचं होतं.

हवा आत घेण्याइतकंच जळलेला वायू बाहेर काढणंही महत्त्वाचं आहे, आणि त्यातली गंमत दाबाच्या लहरींमध्ये आहे. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतो तेव्हा सिलिंडरमध्ये अजून बराच दाब शिल्लक असतो. तो एकदम सुटतो आणि पाइपातून दाबाची लहर धावत सुटते. गरम वायूत तिचा वेग सेकंदाला पाचशे मीटरच्या आसपास असतो. पाइप जिथे एकदम रुंद होतो, म्हणजे चार नळ्या एकत्र येतात तिथे, ही लहर उलटून परत फिरते, आणि परतताना ती कमी दाबाची लहर झालेली असते. ती बरोबर त्या क्षणी व्हॉल्व्हपाशी पोचली, जेव्हा पिस्टन वरच्या टोकाला आहे आणि इनटेक व एक्झॉस्ट दोन्ही व्हॉल्व्ह थोडे थोडे उघडे आहेत, तर उरलेला जळका वायू ओढून घेते आणि पाठोपाठ ताजी हवाही आत खेचायला लागते. पिस्टन खाली जायच्या आधीच सिलिंडर भरायला सुरुवात होते.

६००० आरपीएमला एक्झॉस्ट उघडल्यापासून या क्षणापर्यंत जेमतेम साडेसहा मिलिसेकंद मिळतात. नळीची लांबी या वेळेशी जुळवावी लागते. लांब नळी खालच्या आरपीएमला साथ देते, आखूड नळी वरच्या. आणि ज्या आरपीएमला जुळत नाही तिथे तीच लहर उलट वागते, म्हणून ट्यून केलेल्या इंजिनाच्या टॉर्कच्या आलेखात खड्डे दिसतात. आपल्या चार सिलिंडर इंजिनाचा फायरिंग ऑर्डर १-३-४-२ असतो. त्यामुळे १ आणि ४ ची, तसंच २ आणि ३ ची नळी आधी जोडून मग त्या दोन जोड्या एकत्र आणल्या, तर जोडीतल्या दोन सिलिंडरांचे सुस्कारे क्रँकच्या ३६० अंशांच्या अंतराने येतात आणि एकमेकांच्या वाटेत येत नाहीत. याला ‘फोर-टू-वन’ हेडर म्हणतात. मधल्या आरपीएमला तो चांगली साथ देतो. चारही नळ्या एकाच जागी जोडणारा ‘फोर-वन’ वरच्या टोकाला जास्त देतो आणि मधलं काही घेऊन जातो. रस्त्यावरच्या गाडीला पहिला बरा.

इंजिनाला थोडं बॅकप्रेशर लागतं, नाहीतर टॉर्क जातो, असं अनेक मेकॅनिक सांगतात. त्यांचं निरीक्षण खरं आहे, पण त्यामागचं सांगितलेलं कारण चुकीचं आहे. फार जाड पाइप लावला की खालचा टॉर्क खरोखरच जातो. पण तो दाब कमी झाल्याने जात नाही. जाड पाइपात वायूचा वेग मंदावतो, लहरी क्षीण होतात आणि खेचण्याचं काम होत नाही म्हणून जातो. हवाय वेग, विरोध कुठल्याच इंजिनाला नकोय. याच कारणाने हेडर तसाच ठेवून नुसता मागचा सायलेन्सर बदलून ‘फ्री-फ्लो’ लावणाऱ्याला ताकद जवळपास काहीच मिळत नाही. शेजाऱ्यांच्या झोपेचा बळी मात्र जातो.

आता सिलिंडर हेड. एनए इंजिनाची खरी किल्ली इथे आहे, आणि माझ्या मते मर्यादित पैशांत सर्वाधिक समाधान देणारं कामही हेच. हवा शेवटी व्हॉल्व्ह आणि त्याच्या बैठकीमधल्या फटीतून जाते. व्हॉल्व्हचा व्यास ‘ड’ धरला तर तो व्यासाच्या एक चतुर्थांश उचलला की भोवतालच्या फटीचं क्षेत्रफळ व्हॉल्व्हच्या तोंडाच्या क्षेत्रफळाइतकं होतं. २८ मिलिमीटरच्या व्हॉल्व्हला हे ७ मिलिमीटरला घडतं. त्याच्या पुढे कितीही उचला, अडथळा फटीत राहत नाही, पोर्टमध्ये असतो. म्हणून आधी बैठकीचं काम करावं. व्हॉल्व्ह सीटला एकाच ४५ अंशांच्या कोनाऐवजी वर एक आणि खाली एक असा तीन कोनांचा उतार दिला, की हवेला एकदम वळावं लागत नाही, आणि बंद झाल्यावर व्हॉल्व्ह घट्टही बसतो. चांगला लेथवाला आणि नीट धारेची हत्यारं असतील तर एवढ्यानेच कमी लिफ्टवरचा प्रवाह लक्षणीय सुधारतो. लक्षात घ्या, व्हॉल्व्ह प्रत्येक चक्रात अर्धवट उघडलेल्या स्थितीतून दोनदा जातो. पूर्ण उचललेला तो क्षणभरच असतो.

त्यानंतर पोर्ट. इथे हातात ग्राइंडर आला की पोर्ट मोठा करण्याचा मोह होतो, आणि तिथेच हेड बिघडतं. पोर्टच्या आतल्या वळणाची आखूड बाजू, जिथे हवा खाली वळून व्हॉल्व्हकडे जाते, ती सर्वांत नाजूक. ती तीक्ष्ण असेल तर हवा भिंत सोडते आणि पुढे भोवरा होतो. ती गोल करायची, व्हॉल्व्ह गाइडभोवतीचा उंचवटा निमुळता करायचा, ओतकामाच्या वेळच्या कडा काढायच्या, मॅनिफोल्ड आणि हेड यांची तोंडं जुळवायची, आणि थांबायचं. पोर्टचं क्षेत्रफळ वाढवलं तर हवेचा वेग पडतो, आणि वेगाची किंमत किती मोठी आहे ते पुढे कॅमकडे वळल्यावर दिसेल. इनटेकची भिंत आरशासारखी चमकवण्याचीही गरज नाही. थोडा खडबडीतपणा भिंतीवर साचणारं पेट्रोल हवेत मिसळायला मदत करतो. एक्झॉस्टची बाजू मात्र गुळगुळीत केली तर काजळी कमी धरते. चारही पोर्टचा प्रवाह सारखा झाला की नाही ते डोळ्यांना कळत नाही, त्यासाठी फ्लोबेंच लागतो.

हेड उघडलंच आहे तर कॉम्प्रेशनचा विचार त्याच वेळी करावा. समजा इंजिनाचं कॉम्प्रेशन ९.५ ला एक आहे. आपल्या एका सिलिंडरचं आकारमान ३२४.७ सीसी, म्हणून पिस्टन वर असताना उरणारी जागा ३८.२ सीसी. ते १०.५ करायचं तर ही जागा ३४.२ सीसी करायला हवी, म्हणजे चार सीसी कमी. बोअरचं क्षेत्रफळ ४३ चौरस सेंटिमीटर धरलं तर हेड फेसिंगला जवळपास एक मिलिमीटर धातू काढावा लागेल. दहनकक्षाचं तोंड बोअरपेक्षा लहान असेल तर त्याहूनही जास्त. एवढं फेसिंग हे काही थोडं काम नव्हे. हेड पातळ होतं, व्हॉल्व्ह पिस्टनच्या जवळ येतात, आणि कॅम क्रँकच्या जवळ आल्याने बेल्टमुळे व्हॉल्व्ह टायमिंग मागे सरकतं. ते परत जागेवर आणायला मागे-पुढे होणारी कॅम पुली लागते. किती धातू काढायचा ते अंदाजाने ठरवू नये. ब्युरेटने तेल भरून प्रत्येक दहनकक्षाचं आकारमान मोजावं आणि चारही सारखे करावेत. व्हॉल्व्ह आणि पिस्टनमधलं अंतर पिस्टनवर मऊ माती ठेवून, इंजिन हाताने दोन फेरे फिरवून मोजतात. इनटेकला निदान दोन आणि एक्झॉस्टला अडीच मिलिमीटर मिळाले तर निर्धास्त राहावं.

एवढ्या खटपटीचं फळ किती? आदर्श ऑटो चक्राच्या सूत्राने ९.५ वरून ११ पर्यंत गेलं तर कार्यक्षमता सुमारे चार टक्के वाढते. फार नाही, पण ती सगळ्या आरपीएमला वाढते, अर्ध्या थ्रॉटललाही वाढते, आणि मायलेजमध्येही दिसते. एनए ट्यूनिंगमध्ये खालच्या आरपीएमला काही परत देणारी गोष्ट बहुधा ही एकच.

मर्यादा येते ती नॉकिंगची. दाब आणि उष्णता इतकी वाढते की ठिणगीने पेटलेली ज्योत पोचण्याआधीच कोपऱ्यातलं मिश्रण एकदम भडकतं. पिस्टनच्या कडा खाणारा, रिंगा तोडणारा हा आजार. पेट्रोलचा ऑक्टेन आकडा जितका जास्त तितकं नॉकिंग दूर राहतं. आपल्याकडे साधं पेट्रोल बराच काळ ९१ ऑक्टेनचं होतं. २०२० च्या शेवटी इंडियन ऑइलने १०० ऑक्टेनचं पेट्रोल काही शहरांत आणलं, पण त्याची किंमत रोजच्या वापराला परवडणारी नाही. आता मिळणाऱ्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलचा ऑक्टेन ९५ च्या घरात जातो, आणि इथेनॉल बाष्प होताना आतली हवा थंडही करतं. कॉम्प्रेशन वाढवणाऱ्याला ही गोष्ट सोयीची आहे. दुसरी बाजूही आहे. निव्वळ पेट्रोलच्या एका ग्रॅमला पूर्ण जळायला १४.७ ग्रॅम हवा लागते, या मिश्रणाला साडेतेराच्या आसपास. अर्ध्या थ्रॉटलला ऑक्सिजन सेन्सर हा फरक भरून काढतो. पूर्ण थ्रॉटलला जुन्या गाड्यांचा इसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, त्या सेन्सरचं ऐकत नाही, साठवलेल्या आकड्यांवर चालतो, आणि मिश्रण नेमकं जोराच्या वेळी पातळ पडतं. ट्यून करताना हे आकडे आजच्या पेट्रोलवरच बसवायला हवेत.

कॅमशाफ्ट हा एनए इंजिनाचा स्वभाव ठरवतो. पिस्टन तळाला पोचून वर यायला लागला तरी इनटेक व्हॉल्व्ह आणखी चाळीस-पन्नास अंश उघडाच ठेवलेला असतो. वरच्या आरपीएमला पोर्टमधली हवा सेकंदाला शंभर मीटरच्या आसपास वेगाने धावत असते. गर्दीच्या वेळी लोकलच्या दारात पुढचे थांबले तरी मागच्यांच्या रेट्याने लोंढा आत शिरतच राहतो, तशी ती पिस्टन उलटा फिरल्यावरही आत येत राहते. पोर्टमधला वेग राखा, असं वर सांगितलं ते यासाठी. व्हॉल्व्ह किती उशिरा बंद करायचा, हे हवेला किती रेटा आहे यावर ठरतं आणि रेटा आरपीएमवर ठरतो. जास्त ड्युरेशनचा कॅम व्हॉल्व्ह उशिरा बंद करतो: ७००० ला सिलिंडर छान भरतो, पण १५०० ला रेटा नसल्याने पिस्टन आलेली हवा परत मॅनिफोल्डमध्ये ढकलतो. ताकद वर मिळाली ती खालून काढून घेतलेली असते. आयडलला गाडी थरथरते, मॅनिफोल्डमधला व्हॅक्यूम कमी होतो, आणि त्याच व्हॅक्यूमवर चालणारा ब्रेक बूस्टर कमजोर पडतो. मॅनिफोल्डच्या दाबावरून हवेचा अंदाज बांधणारा इसीयूही गोंधळतो.

होंडाने यावर १९८९ मध्ये उत्तर काढलं. इंटेग्रातल्या १.६ लिटरच्या बी१६ए इंजिनात खालच्या आणि वरच्या आरपीएमसाठी कॅमचे वेगवेगळे उंचवटे दिले आणि तेलाच्या दाबाने एकावरून दुसऱ्यावर जायची सोय केली. व्हीटेक ते हेच. लिटरमागे १०० पीएस रस्त्यावरच्या एनए गाडीत मिळाले ते या युक्तीमुळे, आयडल बिघडू न देता. आपल्या स्विफ्टमध्ये ती सोय नाही, म्हणून कॅम निवडताना गाडी कुठे चालणार याचा विचार आधी हवा. शहरात रोज चालणाऱ्या गाडीला कंपनीच्या कॅमपेक्षा थोडासाच मोठा कॅम घ्यावा. कॅटलॉगमधला सर्वांत मोठा कॅम उचलणारे लोक बहुधा सिग्नलवरच पस्तावतात. कॉम्प्रेशन आणि मोठा कॅम यांची जोडी एकत्रच करावी, कारण उशिरा बंद होणारा व्हॉल्व्ह खालच्या आरपीएमचं प्रत्यक्ष कॉम्प्रेशन कमी करतो, आणि वाढवलेलं कॉम्प्रेशन ते भरून काढतं.

एवढं झालं की पेट्रोल आणि ठिणगीची पाळी. ६००० आरपीएमला आपलं इंजिन मिनिटाला सुमारे ३९०० लिटर हवा आत घेतं, आणि त्यासोबत साधारण अर्धा लिटर पेट्रोल जाळतं. फेरे ७२०० पर्यंत नेले तर त्याच प्रमाणात पेट्रोल वीस टक्के जास्त लागेल; इंजेक्टर आणि पंप तेवढं देऊ शकतात का ते आधी तपासायला हवं. पूर्ण ताकदीला मिश्रण थोडं गडद लागतं, निव्वळ पेट्रोलवर साडेबारा ते तेरा ग्रॅम हवेला एक ग्रॅम. ठिणगीचं टायमिंग टॉर्क वाढत राहील तोवर थोडं थोडं पुढे न्यायचं, टॉर्क वाढायचा थांबला की थांबायचं, आणि नॉकिंगची चाहूल लागली तर त्याच्याही आधी मागे यायचं. हे काम रस्त्यावर कानाने होत नाही. वाइडबँड सेन्सर आणि डायनो लागतोच. डायनोवरचा आकडा चाकांवरचा असतो, कंपनीचा फ्लायव्हीलवरचा; गिअरबॉक्समध्ये दहा-पंधरा टक्के जातात. म्हणून कामाआधी आणि नंतर त्याच डायनोवर मोजलेल्या दोन आकड्यांचीच तुलना खरी.

आणि इथे पैशांबद्दल एक स्पष्ट गोष्ट. टर्बो गाडीत नुसत्या रिमॅपने, म्हणजे इसीयूतले आकडे बदलून, ताकद वीस-पंचवीस टक्के वाढते, कारण संगणकाला सांगून हवेचा दाब वाढवता येतो. मूळ स्थितीतल्या एनए इंजिनाचा रिमॅप पाच टक्क्यांच्या आसपास देतो. हेड, कॅम, हेडर यांचं काम झाल्यावर मात्र रिमॅपशिवाय त्या कामाचं फळच मिळत नाही. म्हणून रिमॅप शेवटी.

फेरे वाढवायचे तर तळातलं लोखंडही त्यासाठी तयार हवं. ६००० आरपीएमला या इंजिनाच्या पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला १५ मीटर पडतो, ७५०० ला १९. वेग चार मीटरनेच वाढला असं वाटतं, पण कनेक्टिंग रॉड आणि त्याच्या बोल्टवरचा ताण फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो: ६००० वरून ७५०० ला तो दीडपटीहून अधिक होतो. होंडाच्या एफ२०सीमध्ये पिस्टन ९००० आरपीएमला सेकंदाला २५ मीटर वेगाने धावतो, पण त्यातले पिस्टन आणि रॉड घडवून केलेले आहेत. आपल्याकडे रॉड बोल्ट नवे आणि चांगल्या प्रतीचे टाकणं, चारही पिस्टन-रॉडची वजनं जुळवणं, क्रँक बॅलन्स करून घेणं आणि बेअरिंगमधलं अंतर मोजून बसवणं एवढं निदान व्हावं. व्हॉल्व्ह स्प्रिंग कमजोर राहिल्या तर वरच्या आरपीएमला व्हॉल्व्ह कॅमचा पाठलाग करू शकत नाही, हवेत तरंगतो, आणि पिस्टनला आपटू शकतो. म्हणून नवा कॅम घेतला की स्प्रिंग त्यासोबतच घ्यायच्या. रेव्ह लिमिटर वाढवणं हे संगणकातलं एका मिनिटाचं काम आहे. ते करण्याआधी खालचं काम झालेलं हवं. फ्लायव्हील हलकं केल्याने ताकद वाढत नाही, पण फेरे चटकन चढतात आणि पहिल्या दोन गिअरमध्ये फरक जाणवतो.

आलेख उजवीकडे सरकलेल्या टॉर्कला साजेसा फायनल ड्राइव्ह मिळाला तर उत्तम. वरच्या आरपीएमला ताकद देणाऱ्या इंजिनाला लांब गिअर दिले तर ते बराच वेळ ताकदीच्या पट्ट्याखालीच राहतं आणि मूळ गाडीपेक्षा मंद वाटतं.

कायद्याचीही बाजू पाहावी लागते. मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ नोंदणी पुस्तकातल्या तपशिलांशी विसंगत ठरणारे बदल करू देत नाही, आणि जानेवारी २०१९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानेही कंपनीने ठरवलेल्या मूळ रचनेपासून गाडी वेगळी करता येणार नाही, असं म्हटलं. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढलेली गाडी पीयूसीला अडकू शकते, आणि तिच्या धुराने इतरांची हवा खराब होते, ही त्याहून मोठी गोष्ट. विमा कंपनीला न कळवलेला बदल अपघातानंतर दाव्याच्या आड येऊ शकतो. म्हणून मोठा कॅम आणि उघडा एक्झॉस्ट लावलेली गाडी ट्रेलरवर घालून चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टाईच्या किंवा कोइम्बतूरच्या ट्रॅकवर न्यावी, एफएमएससीआय या मोटरस्पोर्ट संघटनेच्या परवान्याने तिथे पळवावी. रस्त्यावरच्या गाडीला मात्र निरोगी इंजिन, थंड हवा, तीन कोनांच्या व्हॉल्व्ह सीट, थोडं वाढवलेलं कॉम्प्रेशन आणि आजच्या पेट्रोलवर बसवलेला मॅप एवढं केलं, तर पहिल्या डायनोच्या कागदावरचा टॉर्कचा उतार दुसऱ्या कागदावर थोडा उजवीकडे सरकलेला दिसतो.